आईच्या नंबरची बोट

मालाड स्टेशनजवळच्या क्लासमध्ये नेत्रा फळ्यावर भांडी काढत होती. एक मोठा टोप, शेजारी एक वाटी. विषय होता जावा, संगणकाची भाषा. पण कालवणाचं उदाहरण दिलं की पोरांच्या डोक्यात चटकन शिरतं, हा तिचा अनुभव होता.

"या टोपातलं कालवण या वाटीत मावेल का?"

"नाही मॅडम, सांडेल."

"जावा पण तेच म्हणते. मोठ्या जागेतला आकडा छोट्या जागेत घालू देत नाही. अडून बसते. मग तुम्ही कंसात लिहून देता, की बाई, मला माहितीये मी काय करतोय. की ती गप्प. ओतते, आणि जे सांडेल ते सांडू देते. ओरडत नाही, तक्रार करत नाही. याला म्हणतात टाइप कास्टिंग."

तेवढ्यात दार उघडलं. दारात रुक्मिणी उभी होती.

रुक्मिणी बाजारात मासे विकायची आणि नेत्रा तिची जुनी गिऱ्हाईक. रुक्मिणीचा दीर कृणाल याच क्लासमध्ये शिकला होता, त्यामुळे ओळख कोलंबी-बोंबलांच्या पलीकडे गेलेली. पण आज तिच्या डोक्यावर पाटी नव्हती आणि केसांत फूलही नव्हतं.

"बाई, माजा नवरा आयला नाय," ती म्हणाली. "आणि त्याला शोधायला कोण जात नाय."

"कधी गेला होता?"

"सोमवारी. आज गुरवार."

"अगं मग पोलीस? तटरक्षक दल?"

"ते म्हणतात, तो आयलाय. बोर्डावर तसं लिवलंय." रुक्मिणीने फळ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या या भाषेतला बोर्ड हाय तो. माज्या दिरानं बनवलाय. तुमी शिकवलीव ना ही भाषा? मग चला, तुमीच वाचा तो."

नेत्राने हातातला खडू खाली ठेवला आणि वर्गाला सुट्टी दिली.

कोळीवाडा मालाडच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी होता. रिक्षात रुक्मिणी तुटक तुटक सांगत गेली. सोमवारी पहाटे तिचा नवरा जयवंत एकटाच गेला. त्याच्या खलाशाला ताप होता. छोटी बोट, जवळची जाळी, संध्याकाळी परत यायचं. संध्याकाळ झाली, ती धक्क्यावर पाटी घेऊन थांबली. बोट आली नाही. ती मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात गेली तर बोर्डावर त्याच्या बोटीपुढे, तीन नंबरपुढे, हिरवं अक्षर: आली.

"सगले मना म्हणाले, येडी झालीस काय? बोट आयलीय. नवरा दारू पित बसला असंल कुठं. माजा नवरा पित नाय, बाई."

सोसायटीच्या ऑफिसात शिरताच समोर तो बोर्ड दिसला. भिंतभर टीव्ही, त्यावर बोटींचे नंबर. दर्यावर गेलेल्या बोटीपुढे लाल अक्षरात 'दर्यात', परतलेल्या बोटीपुढे हिरव्यात 'आली'. कोळीवाड्याला या बोर्डाचा कोण अभिमान! कृणालला शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला होता. त्याचा फोटोही बोर्डाशेजारी टांगला होता. बोर्डाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

एक नंबरच्या चौकोनाला मात्र झेंडूचा हार होता. टीव्हीच्या काचेवर हळदकुंकू लावलेलं. नेत्राला ते जरा विचित्र वाटलं, पण विचारायची ती वेळ नव्हती.

ऑफिसात तिघं होते. खुर्चीत सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश, ज्यांना सगळे चंद्रकाका म्हणत. समोर सब-इन्स्पेक्टर शर्मिष्ठा. आणि खिडकीशी कृणाल.

"नमस्कार मॅडम," कृणाल म्हणाला. तो बारीक झाला होता. डोळे तांबारलेले.

कृणाल हा नेत्राचा लाडका विद्यार्थी. हुशार, पण एका खोडीचा. एखादा आकडा बदलायचा असला की आहे तो बदलायच्या ऐवजी त्याच नावाचा नवा आकडा जन्माला घालायचा. नेत्रा त्याला भर वर्गात म्हणायची, "अरे, एका पोराचं बारसं किती वेळा करशील?" सगळा वर्ग हसायचा, तोही हसायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"तुम्ही कोण?" शर्मिष्ठाने विचारलं.

"जावा शिकवते. रुक्मिणीताईंनी आणलं."

"शिकवा की मग. इथे काय काम?" शर्मिष्ठा तुटक बोलली, पण खुर्ची पुढे सरकवली. "हे बघा मॅडम, मला या बाईंची दया येते. पण मी वर काय कळवू? समुद्रातून परत आलेली बोट समुद्रात शोधा? बोट सोमवारी संध्याकाळी आली, तशी नोंद आहे. आणि रात्रीतून गेली. समुद्राऐवजी किनारे शोधायला हवेत. श्रीवर्धनकडे निरोप दिलाय."

"श्रीवर्धन का?"

उत्तर चंद्रकाकांनी दिलं. "त्याची बहीण तिथं दिलीय. मागच्या सभेत आमचं वाजलं. मासळी वाळवायची जागा बिल्डरला द्यायचा विषय होता. जयवंत सगळ्यांसमोर म्हणाला, जागा विकलीत तर मी माझी बोट घेऊन श्रीवर्धनला जाईन. गेला असेल. शब्दाचा पक्का हाय तो."

"बायकोला न सांगता?"

काकांनी खांदे उडवले. त्यांना जयवंत गेल्याचं फार दुःख झाल्यासारखं दिसत नव्हतं. पाण्यात राहून माशाशी वैर धरणारा एक माणूस कमी झाला होता.

नेत्रा कृणालकडे वळली.

"हे चालतं कसं रे?"

"बोट निघताना ती चालवणारा तांडेल इथे बर्फाचं कुपन घ्यायला येतो. तेव्हा नंबर आम्ही हाताने टाकतो. बोर्डावर 'दर्यात' येतं. परत आला की धक्क्यावरच्या खांबाला कार्ड टेकवायचं. मग 'आली'. कार्ड बोटीबरोबर असतं. एका बोटीला एकच."

"तीन नंबरचं कार्ड जयवंतकडे होतं?"

"हो."

"म्हणजे तो आला होता."

कृणालने खिडकीबाहेर पाहिलं. "बोर्ड खोटं बोलत नाही, मॅडम."

"कोडला शेवटचा हात कधी लावलास?"

"पावसाळ्याआधी. आता सगळं साकीनाक्याचे केयूर बघतात. खांबावरची कार्डाची पेटी त्यांच्या कंपनीने बसवली."

रुक्मिणी भिंतीला टेकून उभी होती. तिने दिराकडे पाहिलं.

नेत्रा धक्क्यावर गेली. खांबावर एक पेटी, पेटीवर तळहाताएवढी काच. शेजारी एक तरुण नाखवा जाळं उलगडत बसला होता. राजेश त्याचं नाव. बोट नवीकोरी, नाकावर रंगवलेला नंबर २५९.

"सोमवारी तुम्ही आला होतात का संध्याकाळी?"

"आलो ना. नव्या बोटीची पहिलीच फेरी. कार्ड लावलं, टिक वाजलं, घरी गेलो. आणि सकाळी येऊन बघतो तर यार, बोर्डावर मी 'दर्यात'! माझी बोट इथे बांधलेली, मी इथे उभा, आणि बोर्ड म्हणतंय मी समुद्रात. बायको घाबरली असती तर माझी वाट लागली असती."

"मग काय केलंत?"

"चंद्रकाकाला सांगितलं. तो म्हणाला कार्ड खराब असेल, कृणालला सांगतो. मग हाताने हिरवं केलं त्याने. नव्या कार्डांचं तसंच आहे, कमळवहिनीचं पण तेच झालं होतं." राजेशने पेटीकडे मान उडवली. "पण आता सुधारलंय वाटतं. आधी नुसतं टिक वाजायचं. आता काचेवर नंबर पण दिसतो."

नेत्राने चटकन मान वर केली. "कधीपासून दिसतो?"

"मंगळवारपासून. मी दुपारी कार्ड लावून बघितलं, चालतंय का म्हणून. झकास दिसला, दोनशे एकोणसाठ."

"त्यानंतर बोर्ड बघितलात?"

"बोर्ड कशाला बघू? माझा नंबर हिरवा होताच की."

मंगळवारपासून. आणि कृणाल म्हणाला होता, पावसाळ्याआधी. केयूरने केलं असेल, तिने स्वतःला समजावलं. केयूरनेच केलं असणार.

परत येताना ऑफिसच्या पायरीवर एक बाई फुलं घेऊन निघालेली भेटली. हीच कमळ. तिच्याबरोबर आत जात नेत्राने हाराचं विचारलं.

"एक नंबर आईचा," कमळ म्हणाली. कोळीवाड्याच्या देवीला सगळे आईच म्हणत. "आमच्यात एक नंबर कोणत्या बोटीला देत नाय. वाडवडिलांपासून. तो आईचा. बोर्डावर तो चौकोन कायम कोराच असायचा. आणि दिवाळीनंतर आमची नवी बोट पैल्यांदा दर्यावर गेली ना, ती संध्याकाळी परत आयली आणि आईचा नंबर आपसूक हिरवा झाला. आयली! आमच्या बोटीबरबर आईच आयली. आख्खा वाडा जमला व्हता."

"आणि तुमचा नंबर?"

"तो लालच राह्यला. मग काकानं हातानं हिरवा केला." ती हसली. "आईपुढं आमचा नंबर कोण बघतंय?"

नेत्रा हसली नाही. तिने कमळच्या बोटीचा नंबर विचारला, आणि तो ऐकल्यावर ती बराच वेळ त्या झेंडूच्या हाराकडे बघत राहिली. आपण चुकत असू तर बरं होईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

तिने शर्मिष्ठाला बाजूला घेतलं. "मला त्या पेटीत आत्ता चालू असलेलं कोड हवंय. कृणालकडून नको. साकीनाक्याहून मागवा."

शर्मिष्ठाने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"केयूर, या आठवड्यात तुम्ही इथल्या कोडमध्ये काही बदललंत?"

"नाही मॅडम. आम्हाला तक्रारच आली नाही. आली असती तर तक्रारीचं तिकीट उघडलं असतं."

"पासवर्ड कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आणि कृणालकडे. बस."

फाइल आली. नेत्रा कोपऱ्यात बसून वाचू लागली. कोड छोटंसंच होतं. वाचायला वेळ लागला नाही, पण वाचून झाल्यावर उठायला तिला फार वेळ लागला. रुक्मिणीने पाण्याचा पेला आणून दिला.

"सापडला काय?"

"ताई, घरी कृणाल काय करतो हो दिवसभर?"

"काय करनार? जेवत नाय, झोपत नाय. दादाच्या वायरलेसला कान लावून बसलाय. दादा बोल, दादा बोल, सारखा हाका मारतो. माज्याबरबर जागा तोच एकटा हाय."

नेत्राने पेला खाली ठेवला. गावात सगळे म्हणत होते जयवंत किनाऱ्याने पळाला. श्रीवर्धनला पळालेल्या माणसाला कोणी समुद्राच्या वायरलेसवर हाका मारत नाही.

तिने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. कमळलाही थांबवलं. राजेशला धक्क्यावर कार्ड घेऊन उभं केलं.

"काका, तीन नंबर हाताने लाल करा."

"अहो, पंचनाम्यात 'आली' आहे," चंद्रकाका म्हणाले.

"करा," शर्मिष्ठा म्हणाली.

तीन नंबरपुढे लाल अक्षरं आली: दर्यात.

नेत्राने राजेशला फोन केला. "आता तुमचं कार्ड लावा. काचेवर काय दिसतंय?"

"दोनशे एकोणसाठ. बरोबर आहे."

त्याच क्षणी भिंतीवरचा तीन नंबर हिरवा झाला. आली.

रुक्मिणी गर्रकन वळून खिडकीशी धावली. नजर थेट खाडीच्या तोंडाकडे. तिथे पाणी होतं आणि बांधलेल्या बोटी होत्या, दुसरं काही नव्हतं. कोणालाही तिच्याकडे बघवेना.

"ताई, बसा," नेत्रा हळूच म्हणाली. "तो आला नाही. सोमवारीही आला नव्हता. सोमवारी राजेश आला होता."

शर्मिष्ठाने विचारलं, "कार्ड दोनशे एकोणसाठचं, आणि हिरवा होतो तीन?"

"रिक्षातलं जुनं मीटर आठवा. सगळे नऊ भरले की काटे पुन्हा शून्यावर येतात. कार्डावरचा नंबर मोठा आहे, पण कोडमध्ये तो एका छोट्या जागेत कोंबलाय. बाइट म्हणतात त्या जागेला. जावा अशी कोंबाकोंबी करू देत नाही, पण कंसात लिहून दिलं की गप्प बसते. तिथे तसं लिहून दिलंय. खरं तर हा बाइट एकशे सत्तावीसलाच भरतो आणि पुढे उणे आकडे दाखवतो. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं. उणे आला तर त्यात दोनशे छप्पन्न मिळवायचे, अशी मलमपट्टी त्याने केली. त्या मलमपट्टीवर दोनशे पंचावन्नपर्यंतच्या सगळ्या बोटी नीट घरी आल्या. तेव्हा त्याहून जास्त बोटीच नव्हत्या."

"आणि त्यापुढच्या?"

"त्यापुढे मीटर पुन्हा शून्यापासून. दोनशे अठ्ठावन्न लावलं तर दोन. दोन नंबरची बोट किती वर्षं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, तिच्यापुढे कायमच 'आली', म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दोनशे एकोणसाठ म्हणजे तीन. आणि दोनशे सत्तावन्न..."

ती थांबली. कमळच्या हातातली फुलं तशीच होती.

"दोनशे सत्तावन आमचा," कमळ म्हणाली. आणि मग तिला कळलं. ती खाली बसली आणि फुलं पदराखाली घेतली.

"देवी आली असं सगळ्यांना वाटलं," नेत्रा म्हणाली. "त्यात तुमची काही चूक नाही, कमळताई. पण त्या दिवशी कोणी विचारलं असतं की नसलेली बोट आली कशी, तर सोमवारी तीन नंबरवर कोणी विश्वास ठेवला नसता."

चंद्रकाका उसळले. "म्हणजे बोर्डच सदोष! त्या साकीनाकावाल्यांवर केस करा."

"थांबा काका. चूक चुकून झाली, त्याबद्दल मी कोणाला गुन्हेगार म्हणणार नाही. पण दुसरी गोष्ट चुकून झालेली नाही. पेटीवरच्या काचेवर नंबर दिसायला लागला मंगळवारपासून. सोमवारी तो दिसत नव्हता. म्हणजे मंगळवारी सकाळी कोणीतरी कोड उघडलं आणि ही चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला. त्या माणसाला मंगळवारीच कळलं होतं की जयवंत परत आलेला नाही."

नेत्रा बोर्डाकडे वळली.

"दुरुस्ती फसली. का फसली ते सांगते. बोर्ड जो आकडा वाचतो तो सगळ्या प्रोग्रामचा, घराच्या ओटीवर ठेवलेला. ओटीवरचा आकडा बदलायला हवा होता. त्याऐवजी या माणसाने आतल्या खोलीत, कंसांच्या आत, त्याच नावाचा नवा आकडा तयार केला. खोलीत सगळं बरोबर. काच खोलीतलं दाखवते, म्हणून काचेवर दोनशे एकोणसाठ दिसतं. पण कंस मिटला की तो आकडा संपला. ओटीवर तोच कोंबलेला तीन बसून राहिला, आणि बोर्डाने तोच वाचला. याला स्कोप म्हणतात. कुठल्या आकड्याचा जीव कुठपर्यंत, एवढंच."

"कोणी केलं हे?" शर्मिष्ठाचा आवाज खाली आला होता.

"पासवर्ड दोघांकडे. केयूरला तक्रार गेलीच नाही, त्यांना दोनशे एकोणसाठ ठाऊक असण्याचं कारण नाही. राजेशने तक्रार काकांना सांगितली. काकांनी ती कोणाला सांगितली?"

चंद्रकाका खुर्चीत वळले. त्यांनी हळूहळू खिडकीकडे पाहिलं.

नेत्राला पुढचं बोलवत नव्हतं. पण रुक्मिणी तिच्याकडे बघत होती आणि मागे फिरायला जागा नव्हती.

"कृणाल," ती म्हणाली. "एका पोराचं बारसं किती वेळा करशील रे?"

कृणाल हलला नाही. नाही म्हणाला नाही, चिडला नाही. खिडकीच्या गजाला धरलेला हात तेवढा सुटला.

"मॅडम, मी काचेवर बघितलं," तो म्हणाला. "बरोबर आला आकडा. मला वाटलं झालं."

"आणि दादा?"

"मंगळवारी सकाळी काका म्हणाले, दोनशे एकोणसाठ लाल राहिलंय. मला लगेच कळलं. लगेच, मॅडम. पण वाटलं, दादा कधी कधी जाळ्यावर एक रात्र काढतो. दुपारपर्यंत येईल. तोवर गुपचूप नीट करून टाकू. झाकली मूठ राहील." त्याने आपल्या फोटोकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्यात दोन कोळीवाड्यांत हाच बोर्ड लागणार होता. दुपारी दादा आला नाही. संध्याकाळी पोलीस आले. सगळ्यांसमोर विचारलं, बोर्ड चुकू शकतो का. मी नाही म्हणालो."

"आणि काल? आज सकाळी?"

"एकदा नाही म्हटल्यावर रोज कठीण होत गेलं."

रुक्मिणी उठली. सगळ्यांना वाटलं ती त्याच्या थोबाडीत मारेल. ती जवळ जाऊन नुसती उभी राहिली.

"रात रात तू वायरलेसवर हाका मारीत व्हतास," ती म्हणाली. "मना वाटलं, भावाची माया हाय."

"माया होतीच, वहिनी."

"मंग एक हाक इथं मारायची व्हती रे. या ऑफिसात."

कृणाल तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. त्याला उठवायला कोणी गेलं नाही.

शर्मिष्ठा फोन घेऊन बाहेर गेली. काचेतून ती बोलताना दिसत होती. मध्येच गप्प होत होती, ऐकत होती, कपाळ दाबत होती. परत आली तेव्हा तिच्या आवाजातली जरब गेलेली होती.

"तटरक्षक दलवाले निघतायत. जहाज पण पाठवतायत," ती रुक्मिणीला म्हणाली. "पण ताई, मी खोटं सांगणार नाही. मंगळवारी गेलो असतो तर त्याच्या जाळ्यांभोवतीच शोधलं असतं. आता वारा आहे, ओढ आहे. एवढ्या दिवसांत बोट कुठवर गेली असेल, कुठून सुरुवात करायची, ते त्यांनाही ठरवता येत नाहीये. तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतात. मी ऐकलं नाही."

रुक्मिणीने मान हलवली. त्या माफीचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं, आणि खरं म्हणजे कोणालाच कळत नव्हतं. नेत्रालाही नाही. कोडं सुटलं होतं. वर्गात असतं तर टाळ्या पडल्या असत्या. इथे उत्तर बरोबर येऊनही हातात काहीच आलं नव्हतं.

बाहेर धक्क्यावर राजेशने इंजिन चालू केलं. त्याच्यामागे आणखी बोटी चालू झाल्या. उशिरा का होईना, कोळीवाडा निघाला होता. प्रत्येक तांडेल आत येऊन नंबर सांगत होता, चंद्रकाका एकेक टाकत होते, आणि बोर्ड लाल होत चालला होता.

"बाई," रुक्मिणीने हाक मारली. ती बोर्डासमोर उभी होती. "तीन नंबर अजून हिरवाच हाय."

खरंच की. मघाच्या चाचणीतलं 'आली' कोणी पुसलंच नव्हतं. नेत्रा कळफलकाशी बसली आणि तीन नंबर लाल केला. दर्यात. रुक्मिणीने ते अक्षर अक्षर वाचलं आणि सुस्कारा सोडला. इतक्या दिवसांत बोर्ड पहिल्यांदा तिच्या बाजूने बोलत होता.

मग तिची नजर हाराकडे गेली. एक नंबर. आली. नेत्राने तिथे हात लावला नव्हता. आधीच एवढं हिरावलं गेलं होतं, निदान तेवढं तरी राहू द्यावं, असं तिला वाटलं होतं.

रुक्मिणीने काचेवरून हार उतरवला, डोळ्यांना लावला आणि बाजूच्या टेबलावर ठेवला.

"तो पण पुसा, बाई."

"असू दे ना, ताई."

"नको. आई आयली असती," रुक्मिणी म्हणाली, "तर त्याला घेऊन आयली असती."

नेत्राने एक नंबरचा चौकोन पुन्हा कोरा केला.